कोपऱ्यात ‘टुंग’ वाजते अन् व्हायरसची पाटी येते – फॉरमॅट न मारता जाईल का?

तूर_दारव्हा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्यापासून बारा किलोमीटर आत. घरी एक डेस्कटॉप आहे, २०१६ साली घेतलेला, विंडोज १०, रॅम ४ जीबी. मुलगी त्यावर मराठी टायपिंगचा सराव करते, बायको बचत गटाचा हिशेब ठेवते आणि बाबा कापसाचे भाव न् सातबारा पाहतात.

दिवाळीपासून त्याला काहीतरी झालं आहे. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात टुंग वाजतं आणि एक चौकोन सरकत वर येतो. लाल ढाल, एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह, खाली इंग्रजीत मजकूर: सदस्यता संपली, ५ व्हायरस सापडले, आत्ताच नूतनीकरण करा. तो अँटिव्हायरस आमच्याकडे कधी नव्हताच! एक बंद केला की दुसरा हजर. बाबा ताटावरून उठून पाहायला येतात.

दुसरं दुखणं म्हणजे क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच शोधपान येतं. ‘सातबारा’ टाकलं की वरच्या पट्टीत एक अनोळखी नाव क्षणभर चमकून जातं आणि निकाल याहूचे दिसतात.

तालुक्याच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला, ‘व्हायरस लय आत गेला, फॉरमॅटच मारा लागते. ८०० रुपये. डेटाची गॅरंटी नाई.’ गटाचे चार वर्षांचे हिशेब आणि लग्नाचे फोटो त्यातच आहेत. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तासन्‌तास चालणारे उपाय सांगू नका. काही मार्ग आहे का?

चून_भाकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

फॉरमॅट मारून टाका ना भाऊ! माह्या घरी म्या दर दिवाईले मारतो. घराले चुना, कम्प्युटरले फॉरमॅट.

टंकमास्तर_आर्वी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

चून_भाकर, तुमच्या कम्प्युटरवर पत्त्यांच्या डावाशिवाय काही नसतं, म्हणून तुम्हाला परवडतं. :)

तूरभाऊ, घाई नको. तो चौकोन पुन्हा आला की बंद करू नका, आत कुठे क्लिकही करू नका. नुसता वाचा. ढालीकडे बघायचं नाही, बारीक अक्षरांकडे बघायचं. ‘गूगल क्रोम’ असं कुठे दिसतं का? त्याच्या शेजारी एखाद्या वेबसाइटचा पत्ता आहे का? विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची पाटी असेल तर तिथे ‘विंडोज सिक्युरिटी’ असं नाव असतं.

तूर_दारव्हा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४८

सर, तुम्ही म्हणता तसंच निघालं. ढाल एवढी मोठी की खाली कोणाचं लक्षच जात नाही. पण राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि पुढे एक विचित्र पत्ता, अर्धे आकडे न् अर्धी अक्षरं.

बाबांना विचारलं. आधी ‘म्या काईच नाई केलं’. मग चहा झाल्यावर म्हणाले, दसऱ्याच्या आसपास कापसाचा भाव पाहत होतो, तर पानावर आलं की तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला ‘अलाउ’ दाबा. ‘मी काय रोबोट आहो काय? दाबलं.’

टंकमास्तर_आर्वी | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

बाबांना रागावू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा-सात कम्प्युटरांची हीच गोष्ट असते.

हा चौकोन व्हायरस नाही. ‘अलाउ’ दाबल्यावर त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळते. दारावर आलेल्या फेरीवाल्याला एकदा ‘येत जा’ म्हटलं, आता तो रोज अंगणात येऊन ओरडतो आहे. सूचनेत चित्र कोणतंही लावता येतं, म्हणून तो नावाजलेल्या कंपनीची ढाल लावून येतो. तुमचा कम्प्युटर त्याने तपासलेलाच नाही, वेबसाइटला तसं करता येतही नाही. ‘५ व्हायरस’ हा आकडा त्याने घरूनच लिहून आणलेला असतो.

काढायचं असं: क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटांची यादी दिसेल. जी ओळखीची नाही तिच्यापुढच्या टिंबांवर दाबून ‘रिमूव्ह’. मग त्याच पानावर वर, यापुढे कोणत्याही साइटला सूचनेची परवानगी मागूच द्यायची नाही, असा पर्याय आहे, तो निवडा. सेटिंग्जमध्येच ‘सिस्टिम’ म्हणून भाग आहे. तिथे क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवण्याचं बटण असतं, ते बंद करा. क्रोम मिटवल्यावरही टुंग वाजतं ते त्यामुळेच.

यात नेट खर्च होत नाही, दुकानही लागत नाही.

अचलपूरची_सून | १० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

बरं झालं हा धागा निघाला. पाटीवर नंबर असेल तर बाबांना तो लावू देऊ नका हो.

आमच्या सासऱ्यांचं गेल्या उन्हाळ्यात झालं ते सांगते. त्यांच्याकडे कोपऱ्यातली पाटी नव्हती, अख्खा पडदाच भरला. भोंगा वाजतोय, बाई इंग्रजीत बोलते आहे, कम्प्युटर बंद करू नका, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा. वर काट्याची खूण नाही, माउस फिरतो पण काही दाबत नाही. घरात ते एकटे. त्यांनी फोन लावला. पलीकडच्याने गोड बोलून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून आपला कम्प्युटर चालवू देणारं ॲप) टाकायला लावलं आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, ‘हे सगळे व्हायरस’. (नंतर मी माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर पाहिलं, त्यातही तसल्या खुणा रांगेने होत्या. त्या कोणत्याही विंडोजवर असतात, बारीकसारीक चुकांची ती नोंदवही आहे.) मग ‘फी’ भरायच्या निमित्ताने बँकेचं पान उघडायला लावलं. ३८ हजार गेले.

मी शाळेतून आले तेव्हा पाऊण तास झाला होता. आधी नेट तोडलं, मग १९३० ला फोन, मग बँकेला. १९३० हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यांतून फिरायच्या आत कळवलं तर रोखता येतात. त्यातले २२ हजार थांबले. बाकीचे गेले ते गेले. मग एनीडेस्क काढलं आणि पासवर्ड माझ्या मोबाइलवरून बदलले, त्या कम्प्युटरवरून नाही.

मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की त्यांच्या चुकीच्या किंवा धोक्याच्या संदेशात कधीही फोन नंबर नसतो. भोंगा वाजायला लागला तर एस्केपचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं, पडदा लहान होतो आणि वरचा काटा दिसतो. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, क्रोमवर जाऊन ‘एंड टास्क’. पुन्हा क्रोम उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ विचारतं, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर भोंगाही परत येतो.

हे तीन ओळींत लिहून मी कागद मॉनिटरच्या मागच्या भिंतीला चिकटवला आहे. सासरे अजून मला नजर देत नाहीत. इतकं वाईट वाटतं.

चून_भाकर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०२

ताई, त्याईले म्हणा लाजाचं कारण नाई. आमच्या गावात तर शिकल्या-सवरल्या मानसानं लाखाच्या वर घातले. तो नंबर म्या आत्ताच मोबाइलात सेव करून ठेवला.

पेंग्विन_नागपूर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

विंडोज ठेवायचंच कशाला? लिनक्स मिंट टाका. ४ जीबीत लोण्यासारखं चालतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं तसंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं.

तूर_दारव्हा | १० नोव्हेंबर, रात्री ८:५५

पेंग्विनभाऊ, मुलीच्या क्लासचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, त्यामुळे तूर्त नको.

मास्तर, यादीत एकोणीस साइटी होत्या! मला त्यातली एक ओळखू आली, बातम्यांची. सगळ्या काढल्या. जेवण होईपर्यंत एकदाही टुंग नाही. बाबा दोनदा विचारून गेले, ‘बंद पडला काय?’

पण शोधपान तसंच आहे. सेटिंग्जमधून गूगल लावलं, क्रोम रीसेटही केलं, पुन्हा उघडलं की भलतंच. एक्स्टेंशनच्या (क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या) पानावर एक पीडीएफचं काहीतरी आहे, त्याला ‘रिमूव्ह’चं बटणच नाही. आणि तीन टिंबांच्या यादीत सगळ्यांत खाली येतं, ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’. आमच्या घरात संस्था म्हटली तर बायकोचा बचत गट. तिला विचारलं. ती म्हणाली, आम्ही असला ठराव घेतलेला नाही.

टंकमास्तर_आर्वी | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

हाहा, ठराव! वहिनींना नमस्कार सांगा.

हे मात्र पाटीपेक्षा वेगळं दुखणं, आणि हे खरंच आत शिरलेलं आहे. मोठ्या कंपन्यांत शेकडो कम्प्युटरांवर एकच नियम लावायचा असतो, त्यासाठी क्रोममध्ये ‘पॉलिसी’ची सोय आहे. अमुक एक्स्टेंशन सगळ्यांकडे बसेल, कामगाराला काढता येणार नाही, असा हुकूम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, लिहून ठेवता येतो. चोराने तोच दरवाजा वापरला. क्रोमला वाटतं साहेबाचा हुकूम आहे, म्हणून तुमचं रीसेट तो ऐकत नाही. (काही खरे अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, तेव्हा ती ओळ दिसली की लगेच धसका घ्यायचा असं नाही. तुमच्याकडे मात्र दुसरा अँटिव्हायरसच नाही.)

आधी कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावा. दसरा-दिवाळीच्या आसपास काय बसलं ते पाहा. अनोळखी ते काढा, काढताना तो ‘खरंच जाता? राहा ना’ असं विचारेल, तिथे बटणं नीट वाचा. ‘काढू नका’चं बटण मोठं न् रंगीत असतं.

मग ॲडवक्लीनर, असलं घुसलेलं सामान शोधून काढणारं सॉफ्टवेअर. मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, २०१६ पासून त्यांच्याकडे आहे. फुकट, छोटीशी फाइल, इन्स्टॉलही करावं लागत नाही, तुमच्या दीड जीबीला धक्का लागणार नाही. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधात सगळ्यांत वर ‘जाहिरात’ म्हणून जे येतं त्यावर जाऊ नका. आणि ‘अमुक हायजॅकर (शोधपान पळवणारा प्रोग्राम) कसा काढावा’ अशी लांबलचक पानं इंग्रजीत ढिगाने सापडतील, शेवटी प्रत्येकजण स्वतःचंच सॉफ्टवेअर गळ्यात मारतो. माझ्या मते त्यांतल्या निम्म्या पानांना त्या हायजॅकरचा चेहराही माहीत नसतो.

ॲडवक्लीनरच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी रीसेट करण्याचं बटण आहे. ते चालू करा, मग स्कॅन. निकालात कम्प्युटरच्या कंपनीने दिलेले प्रोग्रामही वेगळ्या यादीत दिसतात, त्यांना हात लावायची गरज नाही. आणि हो, त्याआधी गटाचा हिशेब न् फोटो पेनड्राइव्हवर उतरवा. फक्त फाइली, कोणतीही सेटअप फाइल नको.

तूर_दारव्हा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आज सकाळी कापूस वेचायला बाया होत्या, दुपारी लाइन नव्हती, आत्ता बसलो.

यादीत तीन निघाले: पीडीएफ बदलणारं, ड्रायव्हर अपडेट करणारं आणि एक नुसत्याच नावाचं, तिघांची तारीख एकच. मुलीला विचारलं तर त्या दिवशी तिने मराठी फॉन्ट शोधला होता. पानावर ‘डाउनलोड’ अशी चार हिरवी बटणं होती. तिने सगळ्यांत मोठं दाबलं आणि मग ‘नेक्स्ट, नेक्स्ट’. फॉन्ट काही मिळाला नाही.

ॲडवक्लीनरने २३ गोष्टी पकडल्या, सगळ्या काढल्या. क्रोम स्वच्छ, संस्था गेली, गूगल आलं!

एक कोडं मात्र आहे. मी विंडोजच्या डिफेंडरने, म्हणजे त्याच्याच अँटिव्हायरसने, दोनदा स्कॅन केलं होतं, दोन्हीदा शून्य धोके. तो झोपला होता का?

रातपाळी_बुटीबोरी | ११ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कम्प्युटर सांभाळतो, मधे टपकतोय. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’. तिथे काय लिहिलंय ते सांगा. मला एक शंका आहे.

तूर_दारव्हा | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

तिथे एकच ओळ आहे. सी, कोलन, आणि एक तिरपी रेघ.

रातपाळी_बुटीबोरी | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

तेच. म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह ‘इथे बघायचं नाही’ म्हणून लिहून ठेवला आहे. पहारेकरी ठेवला आणि त्याला सांगितलं की घर सोडून बाकी सगळीकडे लक्ष ठेव. मागे कोणी विंडोज टाकून दिलं होतं का, परवान्याची किल्ली न घेता फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून?

तूर_दारव्हा | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

हो. दोन वर्षांपूर्वी हार्डडिस्क बदलली तेव्हा. त्याच दुकानात, जो आता ८०० मागतोय. म्हणाला होता, ‘ओरिजिनल पडते, टेन्शन नका घेऊ.’

चून_भाकर | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

म्हणजे कुंपनानंच वावर खाल्लं!

टंकमास्तर_आर्वी | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

त्याने हे मुद्दाम चोरांसाठी केलं असेल असं मी म्हणणार नाही. चोरीचं ॲक्टिव्हेशन करणाऱ्या फाइलीला डिफेंडर पकडतो, म्हणून दुकानदार वैतागून पूर्ण ड्राइव्हच वगळतात आणि परत चालू करायचं विसरतात. पण गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, याचा मला राग येतो. आणि अशा दुकानातून फॉरमॅट मारून आणलं असतं तर पुन्हा हीच ओळ लिहून मिळाली असती, वर ८०० रुपये.

ती ओळ काढा. मग स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे तो लावा. कम्प्युटर स्वतः बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासतो. साधारण पंधरा मिनिटं. लाइन टिकण्याची वेळ बघून लावा.

तूर_दारव्हा | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

पहाटे पाचला उठून ऑफलाइन स्कॅन लावलं, तेव्हा लाइन पक्की असते. चार गोष्टी काढल्या. त्यातली एक त्या ॲक्टिव्हेशनचीच, त्यामुळे आता कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असं पाणचिन्ह दिसतंय. दिसू दे. खरं आहे निदान.

पण दुपारी मुलगी म्हणाली, बाबा, संस्था परत आली. पाहिलं तर खरंच, तेच पीडीएफ, तेच शोधपान! आणखी एक लक्षात आलं. कम्प्युटर सुरू झाल्यावर मिनिटभराने एक काळी खिडकी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात येऊन जाते. ही आधीपासून आहे, मी दुर्लक्ष करत होतो.

रातपाळी_बुटीबोरी | १३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ही काळी खिडकी आधी सांगितली असती तर दोन दिवस वाचले असते. :)

स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधा, ठरल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारी ती विंडोजची सोय आहे. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर एकदा क्लिक. त्याच्या आतला ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाचा फोल्डर उघडू नका, ते विंडोजचं सामान आहे. बाहेरच्या यादीत एकेकावर जाऊन खाली ‘ॲक्शन्स’ बघा. जिथे ‘पॉवरशेल’ (विंडोजला लेखी हुकूम देणारा प्रोग्राम) असं दिसेल आणि पुढे ॲपडेटा नावाच्या फोल्डरमधल्या कुठल्यातरी फाइलीचा पत्ता असेल, तो आपला माणूस. नाव बहुतेक ‘अपडेटर’सारखं साळसूद असतं. लगेच डिलीट करू नका, आधी ‘डिसेबल’. पुन्हा ॲडवक्लीनर फिरवा, कम्प्युटर बंद-चालू करा. काळी खिडकी आली नाही आणि संस्थाही आली नाही, तर मग त्या टास्कला आणि त्या फाइलीला निरोप द्या.

जाता जाता डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’. ती ओळ ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरण चिन्ह इथे संपली पाहिजे. पुढे एखाद्या साइटचा पत्ता शेपटासारखा चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा. बरेच जण सगळं साफ करतात आणि हे शेपूट राहून जातं.

संत्रा_वरुड | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

आमच्याकडे टास्क वगैरे काही नव्हतं, तरी एक्स्टेंशन चार वेळा परत आलं. शेवटी कळलं, पोरगं अमरावतीला होस्टेलवर, त्याच्या लॅपटॉपमध्ये आमच्याच जीमेलने क्रोम चालू. इथून काढलं की सिंकमधून (एकाच जीमेलवरची क्रोम आपोआप सारखी ठेवण्याची सोय) तिथलं इकडे येऊन बसे. दोन्हीकडून एकाच संध्याकाळी काढलं, फोनवर बोलत बोलत, तेव्हा सुटका झाली.

तूर_दारव्हा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

सापडला! टास्कचं नाव खरंच ‘अपडेटर’, पुढे आकडे. डिसेबल केला, ॲडवक्लीनर फिरवलं, तीन दिवसांत सहा वेळा चालू-बंद करून पाहिलं. काळी खिडकी नाही, संस्था नाही. आज डिलीट केला. टार्गेटमध्येही शेपूट होतं, ते कापलं. हिशेब, फोटो सगळं जागच्या जागी आहे.

बाबांनी स्वतःहून चष्म्याबरोबर भिंग आणून ठेवलं आहे. काहीही वर आलं की भिंग लावून खालची बारीक अक्षरं वाचतात. काल विंडोजचा खराच अपडेटचा निरोप आला, तर त्यालाही अर्धा तास दाबू दिलं नाही.

रातपाळी_बुटीबोरी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

तो दाबा. :) विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. विंडोज रीतसर ॲक्टिव्हेट असल्याशिवाय तिथे अडकाल, तेव्हा ते पाणचिन्ह आधी मार्गी लावा. जुन्या कम्प्युटरच्या डब्यावर मागे विंडोजच्या किल्लीचं स्टिकर असतं कधीकधी, बघा.

चून_भाकर | १७ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मास्तर, आता माह्या मोबाइलवर पन येऊन रायली ढाल. ‘तुमचा फोन ८ व्हायरसने खराब’. काय करू जी? फॉरमॅट मारू?

तूर_दारव्हा | १७ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मास्तर शाळेत असतील, मी सांगतो. ती पाटी बोटाने दाबून धरा, कोणत्या ॲपची आहे ते दिसेल. क्रोम असेल तर क्रोमची तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुसरंच ॲप असेल तर त्याचं नाव इथे टाका. फॉरमॅट मारू नका.